पावसाळ्यात मिनिएचर पांढरं का पडतं? बेळगावच्या हवेत व्हार्निश मारणाऱ्यांसाठी

जून संपत आला की माझ्या फोनवर मिनिएचरचे, म्हणजे खेळायला किंवा स्पर्धेत मांडायला हाताने रंगवलेल्या छोट्या सैनिकांचे, एकाच जातीचे फोटो यायला लागतात. कधी टिळकवाडीतून, कधी खानापूरहून, कधी निपाणीहून. मॉडेल वेगळं, सैन्य वेगळं, रंग वेगळे, पण सगळ्यांवर तोच पांढुरका थर, जणू कुणी तांदळाच्या पिठाचा हात फिरवलाय. खाली मेसेज ठरलेला: "दादा, काल रात्री व्हार्निश मारून झोपलो. सकाळी उठून बघतोय तर असं. आता काय करू की?"

दरवर्षी मी तुकड्यातुकड्याने उत्तर देतो. यंदा सगळं एका जागी लिहून काढतोय. कारण पांढरं पडणं हा एक रोग नाही. चार-पाच वेगळ्या गोष्टी लांबून सारख्याच पांढऱ्या दिसतात, आणि एकीचा उपाय दुसरीवर केला तर मॉडेल कायमचं हातचं जातं.

माझं एक तसंच गेलं. २८ मिलिमीटरचा मराठा घोडेस्वार होता. युरोपियन घोडदळाच्या प्लास्टिक किटमधलं धड घेतलं, डोकं कापून नवं बसवलं, ग्रीन स्टफ या मळून आकार द्यायच्या पुटीची पगडी वळली, अंगरख्याचा घेर त्याच पुटीने खाली ओढला, भाला पितळी तारेचा केला. स्पर्धेच्या टेबलावर ठेवायचा म्हणून तीन आठवडे रोज रात्री बसत होतो. जुलैत दोन सरींच्या मधे गच्चीवर जाऊन मॅट व्हार्निशचा स्प्रे मारला. सकाळी लाल पगडी गुलाबी दिसत होती. थर कमी पडला असेल म्हणून त्याच हवेत दुसरा हात मारला, पांढरेपणा दुप्पट झाला. मग घाबरून कापसाला थिनर लावून पुसायला गेलो आणि भाला धरलेला हात विरघळला. त्या दिवशी पहिला हात मारल्यावर काहीही न करता नुसता थांबलो असतो, तर तो स्वार आज कपाटात असता.

म्हणून पहिलं काम: हात लावायचा नाही. नीट उजेडात, शक्य तर भिंगाखाली, पांढरं नक्की कुठे आहे ते बघायचं.

सगळ्या अंगावर सारखं असेल तर बहुतेक व्हार्निशच्या थरात ओलावा अडकलाय. फक्त खाचाखोचांत साचलं असेल तर व्हार्निश जाड बसलंय किंवा कॅन नीट हलवला नव्हता. कन्व्हर्जनच्या, म्हणजे कापून-जोडून बदललेल्या मॉडेलच्या सांध्याभोवती, मनगट, मान, पाठीवरची पिशवी अशा ठिकाणी धुक्यासारखं वलय असेल तर तो सुपरग्लू. पायाखालच्या बेसवर केसाळ, कापसासारखं असेल तर बुरशी. आणि जुन्या धातूच्या मॉडेलवर भुकटी सुटत असेल तर लगेच खाली धातूबद्दल लिहिलंय तिथे जा, आधी हातमोजे घाला.

एक छोटी परीक्षा. ब्रशच्या टोकावर स्वच्छ पाण्याचा थेंब घेऊन न दिसणाऱ्या जागी, खोगिराखाली किंवा झग्याच्या आतल्या बाजूला टेकवा. ओलं असेपर्यंत रंग पूर्वीसारखा गडद दिसला आणि वाळल्यावर परत पांढरा झाला, तर तुमचा रंग खाली सुखरूप आहे. पांढरं दिसतं ते वरच्या थरातल्या बारीक पोकळ्यांवर उजेड विखुरल्यामुळे. घासलेली दुधी काच पाण्याने भिजवली की पारदर्शक दिसते, तोच प्रकार. इतकं कळलं तरी रात्रीची झोप लागते.

व्हार्निश: मुख्य गुन्हेगार

स्प्रे कॅनमधलं व्हार्निश सॉल्व्हंटमध्ये विरघळलेलं असतं. अंगावर पडलं की सॉल्व्हंट झपाट्याने उडून जातं आणि जाताना उष्णता घेऊन जातं. इंजेक्शनआधी दंडावर स्पिरिट चोळतात तेव्हा जो गारवा लागतो, तोच मॉडेलला लागतो. पृष्ठभाग दोन-तीन अंशांनी गार होतो. कोरड्या हवेत त्याने काही बिघडत नाही. बेळगावच्या जुलैत मात्र तेवढ्यानेच घात होतो.

त्याचा हिशेब सोपा आहे. हवेतल्या वाफेचं दंव ज्या तापमानाला बनायला लागतं तो दवबिंदू. आर्द्रता ५० टक्क्यांच्या वर असेल तर शंभराला जितके टक्के कमी, त्याला पाचने भागायचं. तितके अंश तापमानातून वजा केले की दवबिंदू साधारण मिळतो. माझ्या खोलीत जुलैत २३ अंश आणि ९० टक्के हे नेहमीचं. म्हणजे दवबिंदू २१. मॉडेल फक्त दोन अंश गार झालं की हवेतलं पाणी ओल्या व्हार्निशवर बसतं आणि थर सुकताना आत कोंडलं जातं. तेच ६० टक्क्यांना मारलं तर आठ अंश गार व्हावं लागेल, आणि तेवढं ते सहसा होत नाही.

अथणीला माझा एक मित्र आहे. आमचाच जिल्हा, पण तिकडचा पाऊस आमच्या मानाने फारच थोडा. तो पावसाळ्यातही बिनधास्त स्प्रे मारतो, आणि मी इकडे त्याच जातीच्या कॅनने मॉडेल बिघडवतो. आम्ही दोघांनी कितीतरी दिवस कॅनलाच दोष दिला. खानापूरच्या पलीकडे जांबोटी-कणकुंबीकडे राहणाऱ्यांनी तर जून ते सप्टेंबर स्प्रेचं नावच काढू नये, तिथे आमच्याहून कितीतरी जास्त कोसळतो.

एक तापमान-आर्द्रता मापक घ्या. छोटा डिजिटल मिळतो, एका चांगल्या ब्रशच्या किमतीत येतो. माझा नियम असा: ६५ टक्क्यांच्या खाली निवांत मारायचं, ६५ ते ७५ मध्ये आधी प्लास्टिकच्या चमच्यावर मारून रात्रभर ठेवायचं, ७५ च्या वर कॅनला हात लावायचा नाही. पाऊस थांबलाय, ऊन पडलंय, एवढ्यावर जाऊ नका. सर थांबल्यावर ओल्या गच्चीवरून वाफ उठत असते, तेव्हा मापक बघाल तर दचकाल.

स्पर्धा ऑगस्टात असेल आणि थांबायला वेळच नसेल तर? हवा गरम करा. २३ अंशांची ९० टक्के ओली हवा ३० अंशांपर्यंत तापवली, बाहेरची नवी ओल आत येऊ दिली नाही, तर तीच हवा साधारण ६० टक्क्यांवर येते. पाणी तेवढंच राहतं, पण गरम हवेची ते धरायची ताकद वाढते. गणपतीच्या आधी मूर्तिकारांच्या शेडमध्ये मूर्तींपुढे हॅलोजनचे दिवे लावलेले दिसतात, ते उगाच नसतात. आमच्या गल्लीतले मूर्तिकार मामा मला म्हणाले होते, "पावसात रंग सुकत नसतोय रे, सुकल्यागत दिसतोय." ऍक्रिलिकच्या बाबतीत हे अगदी खरं आहे. वरून कोरडा लागतो आणि आत ओल असते. अशा थरावर व्हार्निश चढवलं की तीही ओल आतच राहते.

मी एक पुठ्ठ्याचं खोकं केलंय. आत साधा पिवळा बल्ब, पुठ्ठ्यापासून चांगला लांब, आणि एक मापक. मॉडेल त्यात तासभर तापवतो. कॅन कोमट पाण्यात ठेवतो, उकळत्या पाण्यात कधीच नाही, कॅन फुटू शकतो. मग मॉडेल बाहेर काढून दुसऱ्या खोलीत, खिडकी उघडी ठेवून, एक हलका हात मारतो आणि परत खोक्यात. हे नीट वाचा: स्प्रे मारताना बल्ब, गॅसची शेगडी, देवघरातला दिवा, काहीही जवळ पेटलेलं नको. कॅनमधला वायू पेट घेणारा असतो. मॉडेल परत खोक्यात ठेवायचं तेसुद्धा वास पूर्ण उडाल्यावर.

यापेक्षा सरळ मार्ग म्हणजे पावसाळाभर स्प्रे सोडून ब्रशने लावायचं पाण्यातलं व्हार्निश. पातळ करून दोन हात, मधे चांगले पाच-सहा तास. आधी ग्लॉस, मग मॅट. ग्लॉसचा थर कणखर असतो आणि झीज तो सोसतो, मॅट फक्त चमक घालवतो. मॅटमध्ये सिलिकाची बारीक पूड असते, ती तळाशी बसते. बाटली मनापासून हलवली नाही तर वरच्या पाण्यासारख्या भागाने चमक जात नाही, आणि तळाचा गाळ ब्रशवर आला की खाचांत पांढरे डाग उरतात. एअरब्रशवाल्यांनी कंप्रेसरचा पाणी अडवणारा फिल्टर दर पंधरा मिनिटांनी रिकामा करावा, पावसाळ्यात तो भराभर भरतो.

पांढरं पडलेलं वाचवायचं कसं

कोरडा दिवस येईपर्यंत थांबा. खरंच थांबा, मॉडेल कुठे पळत नाही. मग त्याच जातीच्या ग्लॉस व्हार्निशचा एक हलका हात मारा. नव्या थरातलं सॉल्व्हंट जुना थर सैल करतं, अडकलेल्या ओलीला बाहेर पडायला वाट मिळते आणि पोकळ्या भरतात. माझ्याकडे आलेल्या मॉडेलांपैकी बरीचशी इथेच सुधारली. नाही सुधारलं तर पाण्यातला ग्लॉस ब्रशने लावा, तो उरलेल्या पोकळ्या भरतो. वाळल्यावर मॅट. इतक्यानेही उजळ राहिलेल्या कडा पातळ रंगाच्या ग्लेझने परत गडद करायच्या.

ऑलिव्ह तेलाचा जुना उपायही आहे. बारीक ब्रशने अगदी पुसट लावलं की तेल पोकळ्यांत शिरतं आणि पांढरं नाहीसं होतं. खेळायच्या सैन्यावर मी हा वापरलाय. स्पर्धेत मांडायच्या मॉडेलवर वापरणार नाही, कारण त्यावर नंतर काहीच नीट चिकटत नाही आणि धूळ बसते. आणि घरात आहे म्हणून खोबरेल लावू नका. खोबरेल २४ अंशांच्या आसपास गोठतं. आपल्या डिसेंबरात बाटलीत बघा कसं पांढरं होतं, तेच पगडीवर होईल.

ॲसिटोन आणि थिनर प्लास्टिक किटच्या आसपासही नकोत. पॉलिस्टायरीन त्यात विरघळतं. माझ्या स्वाराचा हात असाच गेला.

सांध्याभोवतीचं धुकं

कन्व्हर्जन करणाऱ्यांना हा जास्त छळतो, कारण सांधे जास्त. सुपरग्लू सुकत असताना त्याची थोडी वाफ उठते, ती शेजारच्या पृष्ठभागावर बसून ओलाव्याच्या संगतीने पांढरी घट्ट होते. बोटांचे ठसे शोधणारे फॉरेन्सिकवाले मुद्दाम हेच करतात. बंद पेटीत, ८० टक्क्यांच्या आसपास आर्द्रता ठेवून, सुपरग्लूची वाफ सोडतात आणि ठसे पांढरे उमटतात. आता विचार करा, रात्री अकराला भाला चिकटवला आणि धूळ नको म्हणून मॉडेल लगेच डब्यात बंद केलं, तर आपणही तीच पेटी तयार केली. काळ्या चिलखतावर स्वतःच्या अंगठ्याचा ठसा उमटलेला मी पाहिलाय.

उपाय गोंद कमी वापरण्यात आहे. टूथपिकच्या टोकावर येईल तेवढाच. गोंद कमी लावून सांधा मजबूत राहायला हवा असेल तर आत पिन घाला. एक मिलिमीटरचं भोक, त्यात पितळी तार, आणि मग गोंदाचा एक ठिपका पुरतो. हाताने फिरवायचा बारीक ड्रिल आणि त्याची पाती सोनारकामाची हत्यारं विकणाऱ्यांकडे मिळतात. तार आणि वेगळ्या मापाची पाती उद्यमबागेच्या बाजूच्या हार्डवेअर दुकानांत विचारा. त्या भागात फाउंड्री आणि वर्कशॉप इतकी आहेत की बारीकसारीक माल कुणाकडे तरी असतोच. चिकटवल्यावर मॉडेल रात्रभर उघड्यावर, पंख्याच्या हलक्या वाऱ्यात ठेवा. प्लास्टिकला प्लास्टिक जोडताना सुपरग्लू नकोच. प्लास्टिक सिमेंट दोन्ही कडा विरघळवून एकजीव करतं, त्याला हे धुकं येत नाही. धातूच्या जड भागांना दोन नळ्यांचा इपॉक्सी. पारदर्शक भाग, काच, कंदील, यांना पांढरा फेविकॉल.

सगळं चिकटवणं रंगाच्या आधी संपवलं तर धुकं आलं तरी काय, प्रायमरखाली जातं. रंगवल्यानंतर आलं असेल तर कोरड्या मऊ टूथब्रशने हलके झाडा, उरलेल्यावर ग्लॉस आणि मग मॅट. बहुतेक वेळा भागतं. फटी भरायला सुपरग्लूवर खाण्याचा सोडा टाकायची युक्ती चांगली आहे, क्षणात दगडासारखं होतं. पण उरलेली पूड ब्रशने पूर्ण काढा, नाहीतर रंगाखाली खरखर राहते. पगडी-अंगरख्यासारख्या वळणांना ग्रीन स्टफच बरा, तो दीड-दोन तास हाताला ऐकतो. एम-सील स्वस्त आणि कडक होतं, तासून धार काढायला छान, पण चुण्या घालेपर्यंत थांबत नाही.

बेसवरची बुरशी

आपल्याकडे हौशीने गावची माती बेसवर लावतात. मीही लावतो. खानापूरकडची जांभ्याची लाल माती एकदा बेसवर आली की विकतच्या कुठल्याही पावडरीला ती सर येत नाही. पण माती, वाळलेलं शेवाळ, झाडाच्या साली, बुचाचे तुकडे, यांत जीव असतो. फेविकॉलची ओल, वर पावसाळी हवा आणि बंद कपाट मिळालं की आठ-दहा दिवसांत पांढरी लव उगवते.

माती चाळून लोखंडी तव्यावर मंद आचेवर वीस मिनिटं परता, वास कोरडा होईपर्यंत. घरच्यांना सांगून, आणि स्वयंपाकाच्या तव्यावर नाही. साली आणि शेवाळ कडक उन्हात दोन दिवस. बेस तयार झाल्यावर पूर्ण सुकू द्या आणि त्यावर व्हार्निश बसवा, म्हणजे हवेतली ओल आत जात नाही. बुरशी आलीच तर मास्क लावून, घराबाहेर, आयसोप्रोपिल अल्कोहोलने भिजवून झाडायची. अल्कोहोल ऍक्रिलिक रंग सैल करतं, तेव्हा ते बुटांपर्यंत चढू देऊ नका.

थ्रीडी प्रिंटरवर रेझिनची डोकी किंवा हत्यारं काढणाऱ्यांसाठी एवढंच: अल्कोहोलमध्ये धुतल्यावर भाग पूर्ण कोरडा झाल्याशिवाय यूव्ही दिव्याखाली ठेवू नका. ओला ठेवलात तर पांढरे डाग पक्के होतात. पावसाळ्यात हे सुकायला दुप्पट वेळ धरा.

धातूचं मात्र गंभीर आहे. जुनी, शिसं असलेली मॉडेलं काही वेळा पांढरी भुकटी सोडतात. लाकूड, एमडीएफ, व्हिनेगरचा वास येणारं सिलिकॉन, यांतून ॲसिटिक ॲसिडची वाफ निघते. ती आणि ओलावा मिळून शिसं खातात आणि शिशाचं कार्बोनेट बनतं. ते विषारी आहे. फुंकर मारू नका, उघड्या हाताने खरवडू नका, मुलांना दूर ठेवा. असं मॉडेल आधी बाकीच्यांपासून वेगळं काढा. आणि मॉडेलांसाठी सुताराकडून नवं प्लायवूडचं शोकेस करून घेणार असाल तर त्याचा वास पूर्ण जाईपर्यंत ते रिकामं ठेवा, शिशाची मॉडेलं त्यात ठेवूच नका.

कपाटात आणि प्रवासात

घरच्या काचेच्या कपाटात मी सिलिका जेलच्या पुड्या ठेवतो, नारिंगी रंगाच्या. ओल घेतली की हिरव्या होतात, मग १२० अंशांवर दोन तास तापवून परत वापरायच्या. निळ्या रंगाची जात मिळते तिच्यात कोबाल्ट असतं, ती घरात नको. तांदळाने काही होत नाही, मी करून पाहिलंय.

प्रवासाची चूक मात्र अनुभवी लोकही करतात. बेळगावहून बेंगळुरूला रात्रीच्या एसी बसने निघायचं, मॉडेलांची पेटी पायाशी, रात्रभर एसीचा गारठा. सकाळी उतरून तडक हॉलवर जायचं आणि उत्साहाने पेटी उघडायची. गार मॉडेलांवर बाहेरच्या दमट हवेचं दव बसतं, चष्म्यावर बसतं तसं. दोन दिवसांपूर्वी लावलेलं पाण्यातलं व्हार्निश अजून पुरतं पक्कं झालेलं नसतं, ते या ओलीने दुधी होतं. आणि परीक्षक तर भक्कम एलईडी दिव्याखाली बघणार.

पेटी बंदच ठेवा. हॉलमध्ये पोहोचल्यावर एक तास तशीच राहू द्या, आतलं आणि बाहेरचं तापमान सारखं होईपर्यंत. तोवर चहा घ्या, नाव नोंदवा, नियम वाचा. व्हार्निशचा शेवटचा हात निघायच्या निदान आठवडाभर आधी संपलेला असावा. हे फक्त शोकेसच्या स्पर्धेपुरतं नाही. वॉरहॅमर ४०,००० या टेबलावरच्या युद्धखेळाच्या सामन्यात १०० पैकी १० गुण सैन्य पूर्ण रंगवलेलं असण्याचे असतात. तिथे थोडा पांढुरका थर गुण कापत नाही, पण महिनाभर रंगवलेलं सैन्य टेबलावर धुरकट दिसलं तर जीव तुटतोच.

माझ्या पेटीच्या झाकणात एक छोटी पिशवी असते: पाण्यातला ग्लॉस, पाण्यातला मॅट, दोन ब्रश, टूथपिक, मऊ टूथब्रश, पितळी तारेचा तुकडा आणि सुपरग्लूची न उघडलेली नळी. हॉलमध्ये सांधा निखळला तर तिथेच जोडता येतो. पण जोडल्यावर पेटीचं झाकण लावू नका, मॉडेल पंख्याखाली उघडं राहू द्या.